डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क ओळखत नाही: दुरुस्ती, नवा अंतर्गत ड्राइव्ह की बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह?

डिस्क वाचेनाशी झाली की तीन पर्याय उरतात: आहे तोच ड्राइव्ह दुरुस्त करणे, त्याच्या जागी नवा बसवणे किंवा यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घेणे. यांपैकी कोणता योग्य, हे बिघाड नेमका कुठे आहे यावर ठरते. त्यामुळे खर्च करण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या डिस्क घालून पाहाव्यात आणि अडलेली डिस्क दुसऱ्या संगणकावर तपासावी. डिस्कवरील फायली दिसत असूनही चित्रपट लागत नसेल, तर दोष बहुधा ड्राइव्हचा नसतो. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चित्रपट दाखवणारा प्लेअर मुळात दिलेलाच नाही, आणि व्हीएलसीसारखा मोफत प्लेअर घेतल्यावर ही अडचण बहुधा सुटते.

दुरुस्ती बिनखर्चाची ठरते ती मुख्यतः ड्राइव्हचे चिन्हच विंडोजमधून नाहीसे झाले असेल तेव्हा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, ड्राइव्हच्या नावापुढे पिवळी खूण आणि त्रुटीचा कोड १९ किंवा ३९ दिसत असेल, तर तो ड्राइव्ह तिथून अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. तेवढ्याने भागले नाही, तर डिस्क लिहिण्याच्या एखाद्या जुन्या प्रोग्रामने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) मागे ठेवलेल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी काढाव्या लागतात. मात्र त्याआधी रजिस्ट्रीची प्रत अवश्य घ्यावी. बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ड्राइव्ह दिसत नसेल, तर आधी साटा केबल (ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी माहितीची केबल) आणि विजेची जोडणी तपासावी.

चिन्ह दिसते, पण डिस्क घातल्यावर काहीच होत नाही, हा प्रकार वेगळा आहे. सीडी ७८० नॅनोमीटरच्या, तर डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लेसरने वाचली जाते, त्यामुळे एकच प्रकार चालत असेल, तर दुसऱ्या प्रकारचा लेसर क्षीण झाल्याचा संशय घ्यावा. दोन्ही प्रकार अडत असतील, तर लेन्सवर धूळ बसलेली असू शकते. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर ओढताच लेन्स समोर येते. संगणक बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेला कापसाचा बोळा तिच्यावरून अगदी हलक्या हाताने फिरवावा, कारण ती नाजूक तारांवर तोललेली असते. लेसरच संपला असेल, तर सुटा भाग शोधून बसवण्याचा खटाटोप माझ्या मते करू नये.

मग प्रश्न उरतो नव्या ड्राइव्हचा. डेस्कटॉपमध्ये सव्वापाच इंचांचा रिकामा कप्पा असेल आणि डिस्क पुष्कळ वाचायच्या असतील, तर मी निःशंकपणे अंतर्गत साटा ड्राइव्ह सुचवेन. त्याला थेट पॉवर सप्लायमधून वीज मिळते आणि बसवायला चार स्क्रू पुरतात. लॅपटॉपमध्ये हेच काम किचकट होते, कारण जाडी १२.७ मिलिमीटर की ९.५, समोरची पट्टी आणि जोडणीचा प्रकार हे सारे जुळावे लागते. त्यामुळे लॅपटॉपसाठी बाहेरचाच ड्राइव्ह बरा. तो उद्याच्या संगणकालाही चालतो, परंतु विजेच्या बाबतीत त्याची बाजू कमकुवत आहे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच प्रवाह अपेक्षित असतो, आणि डिस्क फिरायला लागताना तेवढा अपुरा पडू शकतो. अशा वेळी ड्राइव्ह टकटक आवाज करतो, मध्येच त्याची जोडणी तुटते, आणि नवा ड्राइव्हही खराब निघाला असे वाटते. तो यूएसबी हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीला) न जोडता थेट संगणकाला जोडावा. दोन प्लगची केबल मिळाली असेल, तर दोन्ही प्लग लावावेत.

घरातील लग्नाच्या किंवा बाळाच्या छायाचित्रांच्या मोजक्या सीडी तेवढ्या वाचवायच्या असतील, तर विकत काही घेण्याऐवजी ओळखीच्या कोणाचा बाहेरचा ड्राइव्ह मागून त्यांच्या प्रती दोन ठिकाणी करून ठेवाव्यात. सीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे त्या बाजूचा खोल ओरखडा कोणताही ड्राइव्ह भरून काढू शकत नाही. पारदर्शक बाजूचा ओरखडा मात्र पॉलिशने सुधारू शकतो. घरी लिहिलेल्या सीडीतील रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने खराब होते, पण अशी डिस्कही एका ड्राइव्हने नाकारली आणि दुसऱ्याने वाचली असे घडते, म्हणून ती टाकून देण्याआधी आणखी एका ड्राइव्हमध्ये जरूर घालून पाहावी.