रिकामं सेशन कधी तोडायचं: इनॲक्टिव्ह, टाइममार्क की जेडब्ल्यूटी?

झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) टीएन३२७० सेशन, म्हणजे नेटवर्कवरून उघडलेली टर्मिनल स्क्रीन, आपोआप तुटतं, किंवा तुटतच नाही, अशी तक्रार आली की बहुतेक जण थेट टेलनेट सर्व्हरच्या इनॲक्टिव्ह या सेटिंगचा आकडा बदलायला घेतात. आधी ठरवा, तपासायचंय काय: माणूस जागेवर आहे का, की पलीकडचं मशीन जिवंत आहे का?

इनॲक्टिव्ह माणसाकडे बघतं. व्हीटॅम (टर्मिनल आणि ॲप्लिकेशन जोडणारं मेनफ्रेमचं सॉफ्टवेअर) सेशनवर ठरवलेले सेकंद डेटाची काहीच ये-जा झाली नाही, की कनेक्शन बंद. डीफॉल्ट ०, म्हणजे कधीच नाही. टाइममार्क (किती सेकंद गप्प राहिल्यावर) आणि स्कॅनइंटरव्हल (दर किती सेकंदांनी तपासायचं) ही जोडी गप्प क्लायंटला हाक मारते; ओ आली नाही तरच तोडते. जेवायला गेलेल्या माणसाचा एम्युलेटर (पीसीवरचा टर्मिनल प्रोग्रॅम) ओ देत राहतो, म्हणून त्याला धक्का लागत नाही.

मध्ये फायरवॉल असला की हा फरक खरा कळतो. बराच वेळ शांत असलेलं कनेक्शन फायरवॉल कुणालाही न सांगता विसरून जातो. झेड/ओएसच्या टीसीपी कीपअलाइव्हचं (शांत कनेक्शन जिवंत आहे का, याची नेटवर्क पातळीवरची तपासणी) डीफॉल्ट १२० मिनिटं, तोवर फार उशीर झालेला असतो. वापरणारा एंटर दाबतो, स्क्रीन गोठते, तो नवी विंडो उघडतो, तर त्याचा ठरलेला एलयू (टर्मिनलचं व्हीटॅममधलं नाव) जुन्या मेलेल्या कनेक्शननं अडवलेला! इथे इनॲक्टिव्ह कमी करून काही साधत नाही. टाइममार्क ६०० आणि स्कॅनइंटरव्हल १२० ठेवा; फायरवॉलची मुदत तासाभराची असेल तर ती त्याआधी येणाऱ्या हाकेनं लांबत राहते. सोबत टेलनेटची टीकेओस्पेकएलयू ही सेटिंग दिली तर नवं कनेक्शन अडकलेला एलयू आपल्याकडे घेऊ शकतं.

जेडब्ल्यूटी (काम रिकामं थांबू शकेल ती कमाल मुदत) एसएमएफपीआरएमएक्सएक्स या झेड/ओएसच्या सेटिंग मेंबरमध्ये असतं, आणि तास-मिनिटांत. जेडब्ल्यूटी(००३०) म्हणजे अर्धा तास, इनॲक्टिव्ह ३० म्हणजे तीस सेकंद. ही गल्लत महागात पडते. शिवाय जेडब्ल्यूटीचा घाव मोठा: एस५२२ ॲबेंड (काम मध्येच बंद पाडणं), टीएसओची, म्हणजे माणूस लॉगऑन करून काम करतो त्या सत्राची, अख्खी ॲड्रेस स्पेस (त्याची मेमरी) जाते. आयएसपीएफ (टीएसओवरचे मेनू आणि एडिटर) एडिटमध्ये रिकव्हरी ऑन नसेल तर सेव्ह न केलेले बदल गेलेच. इनॲक्टिव्हनं तुटलं तर टीएसओ रिकनलिम या सेटिंगइतकी मिनिटं थांबतो, लॉगऑनला रिकनेक्ट दिलं की माणूस पुन्हा आपल्या कामावर. म्हणून मी इनॲक्टिव्हची मुदत जेडब्ल्यूटीच्या आधी संपेल अशीच ठेवते, आणि रिकनलिम सढळ.

कार्डांचा डेटा हाताळत असाल तर पीसीआय डीएसएस (कार्ड डेटाच्या सुरक्षेचं मानक) १५ मिनिटं निष्क्रिय राहिल्यावर पुन्हा ओळख पटवायला लावतं. तिथे इनॲक्टिव्ह ९००.

प्रिंटर सेशन मात्र तासन्‌तास गप्पच असतात. त्यांचं पीआरटीइनॲक्टिव्ह वेगळं आहे. ते ० राहू द्या, मेलेला प्रिंटर टाइममार्क शोधून काढतो.