५जी एअरफायबर घेण्याआधी गच्चीवर जा

निकाल आधीच सांगतो. तुमच्या इमारतीत किंवा वाडीत फायबरची वायर येत असेल तर फायबरच घ्या. येत नसेल तर एअरफायबर बेधडक घ्या, कारण मोबाइलच्या टॉवरवरून घरात आलेलं आजवरचं हे सगळ्यात चांगलं नेट आहे. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. एकाच कंपनीचं, एकाच पॅकचं कनेक्शन एका गल्लीत पळतं आणि पुढच्या गल्लीत रडतखडत चालतं. पॅक बदलून त्यात काही फरक पडत नाही. कारण शोधायचं तर गच्चीवर जावं लागतं.

एअरटेलने एक्सस्ट्रीम एअरफायबर ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली आणि मुंबईत आणलं. जिओने त्याच वर्षी गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरुवात केली. दोन्हीकडे मांडणी आता साधारण तीच. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा, त्यात ५जीचा अँटेना आणि मोडेम. तिथून एक नेटवर्क केबल घरात, आणि घरात वायफायचा राउटर. बाहेरच्या डब्याला वीजही त्याच केबलमधून जाते.

हा डबा बाहेर का, हे समजलं की अर्धी सेवा समजली. मोबाइल डेटाचा वेग पिढीगणिक वाढला तो मुख्यतः तीन गोष्टींमुळे. पहिली, हवेतला पट्टा रुंद झाला. २जीची एक वाहिनी २०० किलोहर्ट्‌झची होती, ३जीची ५ मेगाहर्ट्‌झची, ४जीची जास्तीत जास्त २० ची, आणि ५जीची ३३०० मेगाहर्ट्‌झच्या बँडमध्ये १०० ची. दुसरी, लहरीच्या एका ठोक्यात जास्त माहिती कोंबता येऊ लागली. एजमध्ये, म्हणजे २जीच्या सुधारित रूपात, एका ठोक्यात ३ बिट जात, आता सिग्नल स्वच्छ असेल तर ८ जातात. तिसरी गोष्ट अँटेनांची. टॉवरवरचं ५जीचं पॅनेल बऱ्याच ठिकाणी ६४ वाटांनी पाठवणारं-घेणारं असतं आणि प्रत्येक ग्राहकाच्या दिशेने वेगळा झोत टाकतं.

पण यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीला स्वच्छ सिग्नल लागतो. ३३०० मेगाहर्ट्‌झच्या बँडची लहर साधारण ९ सेंटीमीटर लांबीची. काँक्रीटची भिंत, पत्रा, धातूचा थर दिलेली काच, यांतून ती आत येईपर्यंत थकते. मग मोडेम ८ बिटांवरून ४ वर, २ वर उतरतो आणि पट्टा रुंद असूनही वेग बसतो. घरातल्या फोनवर ५जी लिहून येतं, पण नेट ४जीसारखं चालतं, ते यामुळे. डबा भिंतीबाहेर नेला की हा अडथळा एका फटक्यात निघून जातो. एअरफायबरची खरी करामत तेवढीच आहे, आणि ती छोटी नाही.

२०२२ च्या ५जी लहरींच्या सरकारी लिलावात जिओने ३३०० च्या बँडबरोबर ७०० मेगाहर्ट्‌झचाही बँड घेतला. एअरटेलने ७०० घेतला नाही. ७०० ची लहर ४० सेंटीमीटरच्या वर, लांब जाते, भिंतीतूनही बरी जाते, पण तिथे पट्टा अवघा १० मेगाहर्ट्‌झचा. म्हणून टॉवरपासून दूरच्या घरात जिओच्या डब्यावर ५जी दिसत असेल तर बँड कोणता ते विचारा. एन७८ म्हणजे ३३०० चा, एन२८ म्हणजे ७०० चा. एन२८ वर बसलेल्या डब्याकडून १०० एमबीपीएसचा पॅक रोज संध्याकाळी पुरा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. १० मेगाहर्ट्‌झ सगळ्या वस्तीत वाटून घ्यायचे असतात.

कंपन्यांमधला दुसरा फरक आतला आहे. जिओचं ५जी सुरुवातीपासून स्वतःच्या पायावर उभं, म्हणजे स्टँडअलोन. एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधाराने चालणाऱ्या नॉन-स्टँडअलोनने केली. स्टँडअलोनमध्ये टॉवरच्या क्षमतेचा एक हिस्सा घरच्या कनेक्शनसाठी बाजूला काढता येतो, त्याला स्लाइसिंग म्हणतात. घरच्या नेटसाठी ही रचना निःसंशय सरस आहे. तरी टॉवरच भरलेला असेल तर स्लाइस काय करणार? हिस्सा राखता येतो, हवा वाढवता येत नाही.

आता एक गोष्ट जी ग्राहकाला क्वचितच कुणी सांगतं. जिओ एअरफायबर या एकाच नावाखाली दोन तंत्रं विकली जातात. एक ५जीचं. दुसरं यूबीआर, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त बँडमधला रेडिओ, ज्यात जवळच्या टॉवरवरून थेट तुमच्या डब्याकडे नेम धरलेला असतो. यूबीआरला टॉवर डोळ्यांनी दिसावा लागतो. मधे नवी इमारत उभी राहिली की संपलं. वायफायही त्याच बँडमध्ये चालतं, त्यामुळे दाट वस्तीत कलकलाट वाढतो. यूबीआर वाईट आहे असं नाही, मोकळ्या जागी ते छान स्थिर चालतं. पण तुमच्याकडे काय बसवणार आहेत ते वायर ओढण्याआधी विचारून घ्या, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावर ठरतात. खाली लिहिलंय ते ५जीच्या डब्याबद्दल.

अर्ज भरण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला ५जी फोन घेऊन गच्चीवर जा. नेटमॉन्स्टरसारखं ॲप टाका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर *#००११# दाबूनही आकडे दिसतात. दोन आकडे बघायचे. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय. उणे ९० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत चालेल, कारण डब्याचा अँटेना फोनपेक्षा ताकदीचा असतो. उणे ११० च्या खाली असेल तर नाद सोडा. दुसरा आकडा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे. २० च्या वर झकास, १० ते २० ठीक, ५ च्या खाली नको. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि बसवायला येणारी मंडळी नेमकी पहिलाच बघतात.

दोन टॉवरच्या मधे असलेल्या घरात हे स्पष्ट दिसतं. दोघांचाही सिग्नल जोरात, आरएसआरपी उणे ८५, आणि एसआयएनआर ३. दोघे एकाच बँडवर बोलतात, एकमेकांत मिसळतात. अशा ठिकाणी डबा गच्चीच्या सगळ्यात उंच टोकावर बसवणं ही चूक आहे. उलट जिन्याच्या खोलीची किंवा पाण्याच्या टाकीची भिंत एका टॉवरच्या आड येईल अशी जागा शोधा. जोर थोडा कमी होतो, स्वच्छता वाढते, आणि वेग दुप्पटही होऊ शकतो. डबा फिरवताना एका वेळी २०-३० अंशच फिरवा आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. भराभर फिरवून काही कळत नाही.

ही तपासणी, सोबत स्पीड टेस्टही, सकाळी सातला, दुपारी आणि रात्री साडेनऊला अशी तीनदा करा. रात्रीचा आकडा खरा. सकाळी ३०० एमबीपीएस आणि रात्री २५ मिळत असतील तर डब्याचा दोष नाही, टॉवर भरलेला आहे, आणि त्यावर टेक्निशियनकडे इलाज नाही.

झाडांचंही बघा. ३३०० च्या बँडवर नुसत्या पावसाने जवळजवळ काही होत नाही. ओल्या पानांनी होतं. एप्रिलमध्ये साग उघडाबोडका असतो, त्याच्या फांद्यांमधून टॉवर दिसतो, आकडे सुरेख येतात. जुलैत त्याच फांद्यांवर सुपाएवढी ओली पानं असतात आणि पाणी लहरी शोषतं. कोकणात आणि विदर्भात उन्हाळ्यात घेतलेली कनेक्शनं आषाढात मंदावतात त्यात हे एक मोठं कारण आहे. मोजणी उन्हाळ्यात करत असाल तर मधे झाड नाही अशी जागा निवडा, आकडा थोडा कमी आला तरी.

बसवणीचा भाग. सगळ्यात जास्त घोळ केबलमध्ये होतात. केबल पूर्ण तांब्याची, बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची कॅट ६ असावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मिळते. तिच्यातून डब्याला वीज नेताना व्होल्टेज पडतं आणि डबा मधूनच बंद-चालू होतो. डब्यापासून राउटरपर्यंत १०० मीटरच्या आत राहायचं. डब्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये न जाता झोळावरून खाली ठिबकतं. हा झोळ द्यायला दोन मिनिटं लागतात. तो नसेल तर पहिल्याच पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात.

स्पीड टेस्ट वारंवार ९४-९५ वर येऊन थबकत असेल, पॅक ३०० चा असूनही, तर कंपनीला फोन करण्याआधी केबलचं टोक बघा. त्या केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटसाठी आठही लागतात, १०० एमबीपीएससाठी चार पुरतात. एखादी तार टोकाशी नीट दाबली गेली नसेल तर दोन्ही बाजूची उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात, आणि वरचे पाच-सहा एमबीपीएस माहितीच्या वेष्टनातच खर्च होतात. म्हणून तो ९४ चा आकडा. टोक कापून नवं बसवलं की काम झालं. टेक्निशियन जाण्याआधी राउटरला लॅपटॉप वायरने जोडून टेस्ट करायला सांगा, फोनच्या वायफायवर नको. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर तर दाट वस्तीत कितीही मोठा पॅक बहुधा ४०-६० च्या पुढे जात नाही, आणि दोष उगाच टॉवरला लागतो.

पैशांचं गणित. जिओने सुरुवातीला ३० एमबीपीएससाठी ५९९ आणि १०० साठी ८९९ रुपये ठेवले, एअरटेलने १०० साठी ७९९. यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९९ चे हातात ७०७ पडतात. दर आणि बसवणीचा आकार बदलत असतात, पण डेटाची मर्यादा बघायला विसरू नका. एअरफायबरला महिन्याला १००० जीबी, जिओच्याच फायबरला ३३०० जीबी. १००० जीबी म्हणजे दिवसाला ३३. एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो, ४के साधारण ७. घरात दोन टीव्ही संध्याकाळभर ४के वर चालत असतील तर महिन्याच्या २५ तारखेच्या आत डेटा संपेल. हवा सगळ्यांत वाटायची असल्यामुळे मर्यादा असणं आम्हाला पटतं. पण ती जाहिरातीत वेगाइतक्याच मोठ्या अक्षरात हवी.

अपलोडची बाजू लंगडी आहे आणि ती मुळातच तशी आहे. टॉवरवरचा रेडिओ २०० वॅटच्या आसपास ताकदीने बोलतो, तुमचा डबा वॅटच्या पाचव्या हिश्शाने उत्तर देतो. शिवाय ३३०० च्या बँडवर येणं-जाणं एकाच पट्ट्यावर आळीपाळीने चालतं आणि जास्त वेळ डाउनलोडला दिलेला असतो. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग, ऑफिसचं काम सहज होतं. रोज दहा-वीस जीबीची लग्नाची शूटिंगं वर चढवणाऱ्याने मात्र एअरफायबरच्या भरवशावर राहू नये.

घरी सीसीटीव्ही असेल तर आणखी एक. राउटरच्या पानावर मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही, अनेकांमध्ये वाटलेला आहे. राउटरचा पोर्ट उघडून बाहेरून डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बघायची जुनी पद्धत तिथे चालणार नाही. कंपनीच्या क्लाउड ॲपवरून दिसणारे कॅमेरे चालतात, किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी पत्ता, असेल तर थेटही जमतं.

शेवटचं विजेचं. भारनियमनासाठी लोक राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावतात आणि लाइट गेल्यावर चक्रावतात. वायफाय दिसतंय, नेट नाही. कारण गच्चीवरच्या डब्यासाठी केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर वेगळा असतो आणि तो तसाच मेन सॉकेटवर राहिलेला असतो. दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. वादळाची चिन्हं दिसली की, वीज चमकायला लागण्याआधीच, डब्याचा अडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि राउटरमधली त्याची केबलही उपसा. डब्याचा लोखंडी पाइप गच्चीवरच्या वीजरोधकापेक्षा उंच नको, आणि त्याला अर्थिंगची तार हवीच. हे काम बसवणीच्या यादीत बहुधा नसतं. इलेक्ट्रिशियन बोलावून आपणच करून घ्यावं, आणि मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत.