टेक्ससच्या खेड्यातल्या काउंटीत अटकेची नोंद शोधणं: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आज लॅबला सुट्टी आहे म्हणून एकदाची बसले. मी वेस्ट टेक्ससमध्ये राहते, लबकपासून गाडीने दीड तास, आजूबाजूला नुसता कापूस आणि तेलाचे पंपजॅक. मूळची कराडची, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. गेल्या ऑगस्टपासून आत्तापर्यंत सात वेळा माझ्यावर वेळ आली की कुणाचा तरी मुलगा, भाचा नाहीतर रूममेट 'आत' आहे का आणि असला तर कुठे, हे शोधून दे. ह्यूस्टन-डॅलसच्या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ऑनलाइन सर्च बऱ्यापैकी चालतो, नाव टाकलं की माणूस सापडतो. इकडे तसं नाही. टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, वेगळा, जेल वेगळं, वेबसाइट असलीच तर ती पण वेगळी.

पहिली वेळ सांगते म्हणजे कळेल. शनिवारी रात्री अकराला आईच्या ओळखीतल्या काकूंचा फोन, कराडला रविवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेले. मुलगा डॅलसला शिकतो, मित्रांबरोबर कार्ल्सबाडच्या गुहा बघायला निघाला होता, वाटेत पोलिसांनी गाडी थांबवली, मित्राचा एकच मेसेज आला की "त्याला घेऊन गेले", आणि त्यानंतर मित्राचाही फोन लागेना कारण त्या पट्ट्यात मैलोन्‌मैल रेंजच नसते. काकू म्हणाल्या, "अगं, बाकी काही नको, तो कुठंय आणि धड आहे का एवढंच सांग."

मी काय केलं, तर सर्चमध्ये काउंटीचं नाव आणि पुढे 'अरेस्ट रेकॉर्ड' टाकलं. वरच्या सगळ्या साइट्स पैसे मागणाऱ्या. "रिपोर्ट तयार होतोय" म्हणून पाच मिनिटं चक्र फिरवत ठेवतात आणि शेवटी कार्ड नंबर मागतात. घाईत भरले मी पैसे. मिळालं काय, तर त्याच आडनावाच्या न्यू जर्सीतल्या कुणा पन्नाशीच्या माणसाचे जुने पत्ते. आज रात्री कोण आत आहे हे त्या साइटला माहीत असायचं कारणच नाही, कारण ती नोंद त्या क्षणी फक्त जेलच्या कॉम्प्युटरवर असते. हे मला नंतर समजलं. तेव्हा पैसेही गेले आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे पाऊण तास गेला, तिकडे काकू फोन धरून बसलेल्या.

मग शेरीफच्या साइटवर गेले. तिथे रोस्टर होतं, म्हणजे जेलमध्ये आत्ता कोण कोण आहे त्याची यादी. पण ती रोज सकाळी टाकलेली पीडीएफ, त्यात आदल्या दिवसापर्यंतचीच नावं. शेवटी साइटवरचा जेलचा नंबर फिरवला. दोन रिंगमध्ये एका बाईंनी उचलला, मागे लोखंडी दार आपटल्याचा आवाज. मी नाव सांगायला लागले तर म्हणाल्या, "हनी, जन्मतारीख दे, नाव राहू दे." जन्मतारीख काकूंकडून घेतलीच होती. दहा सेकंदात उत्तर, हो आहे इथे, बुकिंग (म्हणजे आत घेताना करतात ती नोंद) झालंय, ठीक आहे, झोपलाय, सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर जाईल. कारण विचारलं तर दुसऱ्या एका काउंटीत स्पीडिंगचं तिकीट भरायचं राहिलं होतं, तारखेला हजर राहिला नाही म्हणून वॉरंट निघालेलं. बस, एवढंच. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या रडायला लागल्या, आणि खरं सांगते, मी पण.

तेव्हापासून माझा पहिला सल्ला एकच: आधी फोन करा, साइट नंतर बघा. खेड्यातलं जेल चोवीस तास चालू असतं, फोन उचलणारं माणूसच बऱ्याचदा बुकिंग पण करतं, आणि नीट बोललं की नीट सांगतात. सातपैकी पाच वेळा मला उत्तर फोनवरच मिळालंय. हातात पूर्ण नाव, जन्मतारीख, साधारण कुठल्या रस्त्यावर आणि किती वाजता थांबवलं एवढं ठेवा.

आता रोस्टरबद्दल, कारण ते कामाचं नक्की आहे, फक्त वाचता आलं पाहिजे. एका ओळीत नाव, वय, बुकिंग नंबर, बुकिंगची वेळ, अटक कुणी केली, आरोप काय आणि बॉन्ड, म्हणजे जामिनाची रक्कम, किती एवढं असतं, काही ठिकाणी फोटो. 'अटक कुणी केली' हा रकाना आधी बघा. गावचे पोलीस, शेरीफचे डेप्युटी, हायवेवरचे डीपीएसचे (राज्याच्या पोलीस खात्याचे) ट्रूपर हे तिन्ही वेगळे, पण माणूस बहुतेक त्याच काउंटी जेलमध्ये आणतात. त्यामुळे ट्रूपरने पकडलं म्हणून राज्याच्या ऑफिसला फोन करत बसू नका. दुसरं म्हणजे वेळ. गाडी थांबवल्यापासून रोस्टरवर नाव यायला काही तास जातात, आधी आणायचं, मग बोटांचे ठसे, फोटो, अंगावरच्या वस्तूंची नोंद. नाव दिसत नाही म्हणजे तो आत नाही असा अर्थ लावू नका. आरोपाच्या रकान्यात 'एफटीए' दिसलं तर तारखेला हजर न राहणं. 'क्लास सी' म्हणजे फक्त दंडाचा गुन्हा, ५०० डॉलरपर्यंत. क्लास बी आणि ए मध्ये जेल होऊ शकते, आणि 'फेलनी' म्हणजे मोठा गुन्हा, तिथे वकिलाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. १७ वर्षांचा मुलगा टेक्ससमध्ये फौजदारी केससाठी मोठा धरतात, त्यामुळे त्याचंही नाव यादीत येतं, त्याहून लहान असेल तर ज्युवेनाइलचा, म्हणजे अल्पवयीन मुलांचा, कारभार वेगळा, ते इथे सापडणार नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते आपल्या नावांनी. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये मुलाचं आणि वडलांचं नाव एकत्र, मग आडनाव. बुकिंग करणारा रात्री दोन वाजता लायसन्सवरून टाइप करतो, त्याला यातलं कुठलं काय ते कसं कळणार. डिसेंबरात एक मुलगा दोन दिवस सापडत नव्हता, आम्ही सगळे आडनावाने शोधतोय आणि तो वडलांच्या नावाखाली बसलेला. ज्ञानेश्वरमधला 'ज्ञ' कोण कसा लिहील आणि क्षीरसागरमध्ये एखादं अक्षर कुठे गळेल ते देव जाणे. ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव असतं त्याच्या व्हिसावर 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे फर्स्ट नेम अननोन, तर यादीत तेही बघा. आता मी पूर्ण नाव टाकतच नाही, पहिली दोन-तीन अक्षरं टाकते आणि वयावरून ओळखते, आणि छोटी काउंटी असेल तर अख्खी यादीच वाचते, तीस-चाळीस नावं असतात, त्याला कितीसा वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. काही छोट्या काउंट्यांना स्वतःचं जेलच नाहीये. ते शेजारच्या काउंटीला पैसे देऊन आपले कैदी तिथे ठेवतात. जिथे गाडी थांबवली तिथला शेरीफ म्हणतो आमच्याकडे यादी नाही, आणि माणूस चाळीस मैलांवर. त्यामुळे फोनवर सरळ विचारायचं, "तुम्ही माणसं कुठे ठेवता?"

जुनी नोंद हवी असेल, म्हणजे सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं, तर रोस्टरचा उपयोग नाही, माणूस सुटला की नाव गेलं. त्यासाठी कोर्टाचा कागद. ए आणि बी क्लासचे गुन्हे बहुतेक काउंटी क्लार्ककडे, फेलनी डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, आणि खेड्यात हे दोघं एकाच इमारतीत, कधी एकाच टेबलावर. मी दोनदा स्वतः गेले. अटकेची प्राथमिक माहिती शेरीफकडून लेखी मागायची तर टेक्सस पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट आहे, आपल्या माहिती अधिकारासारखा. दोन ओळींचा ईमेल चालतो, कारण सांगायची गरज नाही. माहिती अडवायची असेल तर त्यांना १० कामकाजाच्या दिवसांत ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) जावं लागतं, आणि कुणाला, कधी, कशासाठी अटक केली ही मूळ माहिती तपास चालू आहे म्हणून लपवता येत नाही. कोर्टाला मात्र हा कायदा लागू नाही, तिथे क्लार्ककडेच जायचं. राज्याच्या डीपीएसची सशुल्क सर्च साइट पण आहे, पण तिथे लोकांना शिक्षा झालेल्या आणि 'डिफर्ड'वाल्या (कोर्टाने दोषी ठरवणं पुढे ढकललेल्या) केसेसच दिसतात, नुसती अटक दिसत नाही. अटकेसाठी काउंटीच गाठायची.

पैसे घेणाऱ्या साइट्सबद्दल मला खरंच राग आहे, तो लिहितेच. अटकेच्या वेळचा फोटो साइटवर टाकायचा आणि काढायला पैसे मागायचे हा धंदा इतका माजला की टेक्ससने २०१३ मध्ये त्यावर कायदा केला, जॉर्जियानेही त्याच वर्षी केला. तरी नावं राहतातच. त्या रात्रीच्या मुलाचं प्रकरण दंड भरून चार दिवसांत संपलं, शेरीफच्या यादीतून नाव गेलं, पण कुठल्यातरी साइटवर त्याचा तो झोप न झालेला चेहरा अजून आहे. खाली लिहिलेलं असतं की अटक म्हणजे दोष नव्हे, पण इतक्या बारीक अक्षरात की लग्नाचं स्थळ बघणारा किंवा नोकरी देणारा ते वाचत नाही. नोकरीसाठी बॅकग्राउंड चेक करायचा तर १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे उमेदवाराची लेखी संमती लागते, असल्या साइटवरून गुपचूप बघून नकार देणं त्यात बसत नाही. ओळखीतल्या कुणी "जरा बघ ना त्या मुलाचं काही आहे का" म्हणून विचारलं तर मी बघत नाही. दोनदा सरळ नाही म्हटलंय.

याच उघड्या यादीचा अजून एक त्रास: रोस्टर वाचून भामटे घरच्यांना फोन करतात, "मी डेप्युटी बोलतोय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा, मुलगा सोडतो." एका ताईंना असाच फोन आला, मुलाचं नाव, बुकिंग नंबर, आरोप सगळं बरोबर सांगितलं. बरोबर असणारच, यादीत लिहिलेलंच असतं ते. नशीब, आधी मला विचारलं. बॉन्ड कधीही गिफ्ट कार्डने भरत नाहीत. फोन ठेवा आणि जेलच्या नंबरवर स्वतः लावा.

परदेशी नागरिक असेल तर दोन गोष्टी. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे अटक झालेल्याला आपल्या वकिलातीला कळवायला सांगायचा हक्क आहे. भारतीयांच्या बाबतीत ते आपोआप होत नाही, त्याने स्वतः सांगावं लागतं. टेक्सससाठी ह्यूस्टनचं कॉन्सुलेट. आणि काउंटी म्हणाली "सुटला" पण तो घरी आला नाही, तर इमिग्रेशनवाल्यांनी नेलंय का ते त्यांच्या ऑनलाइन डिटेनी लोकेटरवर (ताब्यातली माणसं शोधायच्या साइटवर) बघा. ए-नंबर (इमिग्रेशन खातं परदेशी माणसाला देतं तो नंबर) नसला तर नाव आणि जन्माचा देश टाकून शोधता येतं, पण स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, म्हणून वर नावांबद्दल इतकं लिहिलं.

एकदा केंटकीतलं काम आलं, तिथे जेल शेरीफकडे नसून निवडून आलेल्या 'जेलर'कडे असतं, त्यामुळे मी आधी चुकीच्या ऑफिसला फोन केला. तिथे व्हाइन नावाची सेवा वापरली. लुइव्हिलमध्ये १९९३ साली मेरी बायरनला तिच्या पूर्वीच्या मित्राने जामिनावर सुटल्यावर ठार मारलं, तिला कुणी कळवलंच नव्हतं, त्यातून १९९४ मध्ये ही सुरू झाली. कैदी सुटला की फोन किंवा मेसेज येतो. आमच्यातल्या एका मुलीला नवऱ्याच्या मारहाणीनंतर तिचा उपयोग झाला, तो मेसेज पहाटे आला आणि ती तासाभरात मैत्रिणीकडे गेली. जेलची यादी लोकांसाठी उघडी का असावी असं मला कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते.

त्या पहिल्या मुलाला सोडवायला मीच गेले होते. वस्तू परत देताना डेप्युटीने कागद वाचून दाखवला, बेल्ट एक, पाकीट एक, फोन एक, आणि मग "लाल दोरा, एक". मनगटावरचा, काकूंनी तुळजापूरहून आणून बांधलेला. तो कापला नव्हता, गाठ सोडून छोट्या पाकिटात ठेवला होता. मुलाने तिथेच काउंटरवर माझ्याकडून परत बांधून घेतला.

डिसेंबरवाल्या मुलाची केस फेब्रुवारीत डिसमिस झाली. आता वकिलाने एक्सपंक्शनचा अर्ज टाकलाय, म्हणजे अटकेची नोंदच पुसायची. ऑर्डर मिळाली की ती शेरीफ, क्लार्क, डीपीएस सगळ्यांकडे जाते, आणि नोंदी विकणाऱ्या कंपन्यांना कळवलं की त्यांनाही टेक्ससच्या कायद्याप्रमाणे ती काढावी लागते. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. काय होतं ते इथेच लिहीन.