शिक्षकांचा गौरव: वार्षिक पुरस्कार की शाळेतच वेळेवर केलेले कौतुक?

शिक्षकांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार 1958 पासून दिले जातात आणि दरवर्षी 5 सप्टेंबरला होणाऱ्या समारंभाला मोठी प्रतिष्ठा आहे. गावाला त्याचा अभिमान वाटतो आणि शिक्षकाच्या शब्दाला वजन येते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र 2018 पासून शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यामुळे शिफारशीवरचे अवलंबित्व घटले, तरी आपले काम कागदावर मांडण्याचे कसब नसलेला किंवा स्वतःविषयी बोलायला संकोचणारा शिक्षक मागेच राहतो.

शाळेतल्या मासिक शिक्षक-सभेत केलेले कौतुक वेगळे असते. "पाटीलबाईंनी छान काम केले" एवढ्यावर मुख्याध्यापक थांबले तर ते औपचारिकच ठरते; पण ऊसतोडीला गेलेल्या पालकांची मुले परतल्यावर बाईंनी रोज मधल्या सुट्टीत त्यांचे राहिलेले वाचन कसे भरून काढले, हे सांगितले, तर सहकाऱ्यांना ती पद्धत कळते आणि उचलताही येते. त्यात वर्गखोली देणाऱ्या किंवा तासांची अदलाबदल करणाऱ्या सहकाऱ्यांचीही नावे घेता येतात, जे एकाच व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या पुरस्कारात सहसा घडत नाही. काहींना सर्वांसमोरचे कौतुक अवघड वाटते, म्हणून आधी त्यांना विचारावे.

माझा कल स्पष्टपणे सभेतल्या कौतुकाकडे आहे. पुरस्कारासाठी शाळेतून नाव पुढे करायचेच असेल, तर सभांच्या इतिवृत्तात वर्षभर नोंदवलेली अशी उदाहरणे प्रस्तावासाठी उपयोगी पडतात.