खिडकीला २ तारे, आतल्या सिस्टरना ५

नाव लिहीत नाही. ठाण्यातलं, आमच्या घराजवळचं सरकारी आरोग्य केंद्र. सुनेला तिसरा महिना, नावनोंदणीला घेऊन गेले होते.

खिडकीवरच्या मुलाने नाव, वय, आधार घेतलं आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "जात?" सून उल्हासनगरची. म्हणाली, "सिंधी." "तसं नाही हो, एससी, एसटी की इतर?" लिहिलं, इतर. आमच्या मागे येऊरची वारली पोर होती, तिला तर सगळ्यांसमोर "दाखला कुठाय?" म्हणून झापलं. तो रकाना कशाला ते मला ठाऊक आहे. जननी सुरक्षा योजनेचे शहरातले ६०० रुपये एससी, एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्या बायकांना मिळतात. मग तेवढं सांगा की, हळू आवाजात! पोरगी मान खाली घालून उभी.

आतल्या सिस्टर मात्र सोन्यासारख्या. दार लोटून घेतलं, आधी कारण सांगितलं, मग प्रश्न. आईवडील दोघेही सिंधी का? घरात कुणाला सारखं रक्त चढवावं लागतं का? थॅलेसेमिया हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. सिंधी, पंजाबी, कच्छी लोकांत त्याचे वाहक, म्हणजे स्वतःला सहसा त्रास नाही पण मुलांकडे जाऊ शकतो असे, जास्त सापडतात, म्हणून. मग माझ्याकडे वळल्या, "तुमच्या मुलाचे वडील कुठले?" हे गडचिरोलीचे म्हटल्यावर तिकडे जास्त सापडणाऱ्या सिकलसेलचंही निघालं, तोही तसाच रक्ताचा आजार. मी म्हटलं, बाळ हिच्या पोटात, ह्यांचं काय मध्येच? तर म्हणाल्या, आईकडून थॅलेसेमिया नि बापाकडून सिकलसेल आला तरी बाळाला भोगावं लागतं. एचपीएलसी नावाच्या एकाच तपासणीत दोन्ही कळतं.

सुनेचं एचबीए-टू, म्हणजे त्या तपासणीत मोजतात तो हिमोग्लोबिनचा एक प्रकार, ५.२ टक्के आलं. साडेतीनच्या वर, म्हणजे थॅलेसेमिया मायनर, नुसती वाहक. मुलगाही मायनर निघाला तर दर गरोदरपणात बाळ मेजर, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणारं, होण्याची शक्यता २५ टक्के. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत तीन दिवस मी भात लावत होते आणि तसाच काढून ठेवत होते. नॉर्मल आला, सिकलसेलही नाही.

पण हे सगळं लिहायला केसपेपरवर जागाच नाही! सिस्टरनी समासात पेनाने "थॅल. मायनर, नवरा नॉर्मल" लिहून दिलं. पुढच्या महिन्यात नवा केसपेपर निघाला. त्यावर "इतर" बरोब्बर उतरलं होतं, समास कोरा. सिस्टर रजेवर. नव्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन ९.४ पाहून "गोळ्या घेत नाहीस वाटतं" म्हणून सुनेलाच सुनावलं. मायनरमध्ये लोहाच्या गोळ्या घेऊनही ते कमी राहू शकतं, पण कागदावर नाही तर त्यांना कळणार कुठून? आता मीच रिपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये घेऊन फिरते.