गाडीला बसवलेली गंजरोधक इलेक्ट्रॉनिक डबी: चौदा महिन्यांचा अनुभव

आमचं घर रत्नागिरीत, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. गाडी नऊ वर्षांची. गेल्या वर्षी मे महिन्यात साडेसहा हजारांना ही डबी बसवून घेतली. बॅटरीला जोडणी, पत्र्याला चिकटवलेल्या दोन वायरी आणि वर हिरवा दिवा. जहाजांचा गंज विजेने रोखतात हे माहीत होतं, म्हणून विश्वास बसला.

जहाजांचं खरंच आहे. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे लावून तांबं वाचवून दाखवलं. जमिनीखालच्या पाइपांनाही अशीच राखण असते. पण तिथे विजेचं वर्तुळ पाण्यातून किंवा ओल्या मातीतून पुरं होतं. गाडी उभी हवेत. पत्र्यावर एक ओला डाग इथे, दुसरा तिथे. डबीतल्या प्रवाहाला तिथवर पोचायला वाटच नाही. हे मला घेण्याआधी कळायला हवं होतं.

शंका आली तेव्हा जूनच्या सुरुवातीला दोन सारख्या लोखंडी पट्ट्या पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या. मागच्या चाकाजवळ एक थेट उघड्या धातूवर बोल्टने कसली. दुसरी तिच्या शेजारीच, मध्ये रबर घालून प्लास्टिकच्या टायने बांधली, म्हणजे तिला डबीचा काही संबंध नाही. गणपतीत दोन्ही काढल्या. सारख्याच लाल, सारखेच खवले. गॅरेजच्या मिस्त्रींच्या हातात दिल्या. कोणती कुठली, त्यांनाही सांगता येईना. दोन पट्ट्या म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पण मला तेवढं पुरलं. अमेरिकेत तर अशाच एका उपकरणाच्या दाव्यांवर फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकातच कारवाई केली होती.

राग येतो तो हिरव्या दिव्याचा. डबीला वीज मिळतेय, एवढंच तो सांगतो. त्याच्या भरवशावर मी पावसाळ्यात गाडी खालून धुणं सोडलं. डाव्या मागच्या दाराची खालची कड फुगली. मिस्त्रींनी आतून पाहिलं तर पाणी निचरायची भोकं लाल मातीने गच्च बुजलेली, आणि पाणी आतच साचलेलं.

डबी काढून टाकली. घेऊ नका. भोकं तारेने मोकळी केली, दारांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारून घेतला, खालून अंडरबॉडी कोटिंग केलं. भाट्याच्या किनाऱ्यावरून आलो की चाकांच्या कमानी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतो. बाकीची तीन दारं अजून शाबूत आहेत.