सिरॅमिक सोडले, बिडाचेच घेतले
पोर्शे ९११ बुक करताना आठवडाभर एकाच प्रश्नावर अडलो होतो: ब्रेक सिरॅमिक की साधे? (साध्यांना म्हणतात स्टील, पण त्यांची डिस्क, म्हणजे चाकामागची ब्रेकची तबकडी, बिडाची असते.) मावसभावाच्या गाडीला पिवळ्या कॅलिपरचे (डिस्कला आवळणारी पकड) सिरॅमिक आहेत. डिस्क जवळपास निम्म्या वजनाची, गंज नाही, चाकांवर काळी भुकटी नावालाच. ती स्वच्छ चाकं बघून मन ओढ घेतंच.

पण माझा रस्ता संभाजीनगर ते चाळीसगाव. कन्नडचा औट्रम घाट उतरताना माझे ब्रेक एकदाही ढिले पडले नाहीत. सिरॅमिकचा खरा कस रेसच्या ट्रॅकवर, फेरीमागून फेरी तापताना लागतो. शिवाय चाक काढताना धक्का बसून कड उडाली, तर ती महागडी डिस्क बदलावी लागते. वाचलेल्या पैशांत टायरचा जादा संच घेतला.